घडीच्या सायकलीचा ट्रेलर : आधी जोड पाहा, मग वजन

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरात घडीची सायकल आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. जिन्याखाली जागा नसलेली फ्लॅटमधली कुटुंबे, मेट्रोने कामावर जाऊन उरलेले अंतर सायकलीने काटणारे नोकरदार आणि गुडघ्यांच्या तक्रारीमुळे उंच दांडीची सायकल सोडून दिलेले माझ्यासारखे निवृत्त लोक, अशा सगळ्यांनाच तिची सोय पटलेली दिसते. केंद्र सरकारने 2020 साली ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ हा उपक्रम सुरू केला आणि आपले शहर त्यात सहभागी झाले, तेव्हापासून सायकल मार्गिकांविषयी वर्तमानपत्रांतून बरेच छापून आले; पण सायकलीवरून सामान कसे आणावे, या रोजच्या प्रश्नाला त्यात फारशी जागा मिळाली नाही. आठवड्याचा भाजीपाला, कणीक आणि तेलाचा डबा आणायची वेळ आली की सायकल घरी राहते आणि स्कूटर बाहेर निघते, हे घरोघरचे चित्र आहे. सायकलीमागे जोडायची हलकी गाडी, म्हणजे ट्रेलर, हा त्यावरचा चांगला उपाय आहे. मात्र तो घेताना आपण ज्या क्रमाने प्रश्न विचारतो तो क्रमच उलटा आहे, असे मला वाटते, आणि ते नीट मांडता यावे म्हणून हे पत्र थोडे लांबले आहे.

ट्रेलरची गरज का पडते, हे घडीच्या सायकलीच्या बांध्यातच आहे. तिचे मागचे कॅरिअर आखूड आणि बुटके असते. त्यावर दोन्ही बाजूंनी पिशव्या लटकवल्या तर पॅडल मारताना टाचा त्यांना लागतात आणि टाचा वाचवण्यासाठी पिशव्या मागे सरकवल्या तर पुढचे चाक हलके पडून हँडल थरथरू लागते. लंडनमध्ये बनणारी ब्रॉम्प्टन ही या प्रकारातली सर्वांत नावाजलेली सायकल. तिच्या पुढच्या बाजूला बॅग अडकवण्याची व्यवस्था उत्तम आहे, पण तिचीही मर्यादा 10 किलोंची आहे. त्यापुढचे ओझे सायकलीवर लादण्यापेक्षा तिच्यामागून ओढणे शहाणपणाचे ठरते.

दुकानात किंवा ऑनलाइन ट्रेलर पाहताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती किलो ओढतो?’ हा प्रश्न दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाचा आहे. घडीच्या सायकलीच्या बाबतीत पहिला प्रश्न एकच : ट्रेलर सायकलीला कुठे आणि कसा जोडला जातो, आणि तो जोड बसवल्यावर सायकलीची घडी होते की नाही? घडीच होत नसेल तर ज्या कारणासाठी आपण जास्त पैसे मोजून ही सायकल घेतली, ते कारणच संपते.

जोडाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात मागच्या चाकाच्या आसावर, डाव्या बाजूच्या नटाखाली, एक पोलादी पट्टी बसवतात आणि ट्रेलरची दांडी तिला अडकते. डावी बाजू एवढ्यासाठी, की उजवीकडे साखळी आणि गिअर असतात. ओढ जमिनीलगत राहत असल्याने हा जोड स्थिर असतो आणि ब्रेक लावल्यावर ट्रेलरच्या ढकलण्याने सायकलीचा तोल कमी बिघडतो. पण येथे दोन गोष्टी तपासाव्या लागतात. नटाखाली तीन-चार मिलिमीटरची पट्टी गेल्यावर आसाचे आटे पुरतात का, म्हणजे नट पूर्ण बसतो का, हे डोळ्यांनी पाहावे. नट अर्धवट आट्यांवर बसला असेल तर त्यावर ओझे ओढू नये. दुसरी गोष्ट उंचीची. आपल्या जुन्या 28 इंची काळ्या सायकलीचा आस जमिनीपासून सुमारे 35 सेंटिमीटरवर असतो, 26 इंची सायकलीचा 33 सेंटिमीटरच्या आसपास, तर 20 इंची घडीच्या सायकलीचा जेमतेम 25 आणि ब्रॉम्प्टनचा तर 21 सेंटिमीटरवर. बाजारातल्या बहुतेक ट्रेलरांच्या दांड्या मोठ्या चाकांचा हिशेब धरून वाकवलेल्या असतात. तोच ट्रेलर घडीच्या सायकलीला जोडला की त्याचा तळ पुढे कलतो, सामान दांडीकडे सरकते आणि जोडावर नको तेवढा भार येतो. दांडीची उंची बदलता येणारा ट्रेलर मिळाला तर प्रश्न मिटतो. नाहीतर खरेदीपूर्वी फूटपट्टी घेऊन बसावे, त्यात कमीपणा नाही.

दुसऱ्या प्रकारात ट्रेलर सीटखालच्या नळीला अडकतो. अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या युजीन शहरात 1978 साली सुरू झालेल्या बर्ली कंपनीचा ‘ट्रॅव्हॉय’ हा या पद्धतीचा सर्वांत परिचित ट्रेलर आहे. तो उभ्या हातगाडीसारखा असून त्याचे स्वतःचे वजन साधारण साडेचार किलो, भारमर्यादा 27 किलो, आणि तो सायकलीपासून सोडवून बाजारात हाताने ओढत नेता येतो. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर तीस किलोंच्या आसपास भरतो, यावरून या मर्यादेचा अंदाज यावा. घडीच्या सायकलीशी या प्रकाराचे चांगले जुळते, कारण ट्रेलरही घडी होऊन हातात येतो. पण येथे खरी मेख नळीच्या जाडीत आहे. साध्या सायकलींच्या सीटची नळी बऱ्याचदा 27.2 मिलिमीटरची असते. डेहॉनसारख्या घडीच्या सायकलींची सुमारे 34 मिलिमीटरची, तर ब्रॉम्प्टनची 31.8 मिलिमीटरची. बारीक नळीसाठी केलेली क्लॅम्प, म्हणजे नळीभोवती आवळून बसणारी पकड, जाड नळीभोवती बसणारच नाही, आणि जाड नळीची क्लॅम्प बारीक नळीवर रबराचे तुकडे कोंबून बसवली तर ती खड्ड्यात आदळताच फिरते. व्हर्निअर कॅलिपरने नळी मोजून घ्यावी आणि गरज असल्यास लेथवाल्याकडून दोन फाकांची अ‍ॅल्युमिनियमची क्लॅम्प कातून घ्यावी. माझ्या 20 इंची सायकलीला मी तशीच करून घेतली आहे. फाकांच्या आतल्या बाजूला सायकलीच्या जुन्या ट्यूबची एक पातळ पट्टी घातल्याने नळीवर ओरखडे उमटत नाहीत.

या जोडाची एक अडचण मात्र कोणी आधी सांगत नाही. घडी करताना बहुतेक सायकलींची सीटची नळी पूर्ण खाली सरकवावी लागते. ब्रॉम्प्टनमध्ये तर ती खाली गेल्याशिवाय घडी पक्की होतच नाही. क्लॅम्प नळीच्या मध्यावर असेल तर नळी तिथेच अडते. क्लॅम्प अगदी वर, सीटच्या लगत बसवली तर घडी होते, पण ओढ तेवढ्या उंचीवरून लागल्याने लांब नळीवर ताण येतो आणि वळणावर ट्रेलर सायकलीला मागून हिसका देतो. म्हणून हाताने झटक्यात सुटणारी क्लॅम्प घ्यावी, ती चौकटीच्या शक्य तितकी जवळ बसवावी आणि घडी करताना काढून खिशात टाकावी, हा मार्ग मला योग्य वाटतो. पाना लागणारी क्लॅम्प असेल तर पहिल्या महिन्यानंतर माणूस सायकलीची घडी करणेच सोडून देतो.

जोडात आणखी एक लहानसा भाग असतो, त्याकडे लक्ष द्यावे. दांडी आणि पट्टी यांच्या मध्ये रबराचा किंवा तशाच लवचीक पदार्थाचा तुकडा असतो. सायकल डावी-उजवीकडे कलली तरी ट्रेलर उभा राहावा, हे त्याचे काम. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांपलीकडे जातो तेव्हा, सायकल उन्हात उभी राहिली की हे रबर वाळते आणि वाकवून पाहिल्यास त्यावर बारीक भेगा दिसतात. भेगा दिसल्या की तुकडा बदलावा. त्याशेजारून एक नायलॉनची पट्टी सायकलीच्या चौकटीला वेढलेली असते; जोड निखळलाच तर ट्रेलर रस्त्यावर मोकळा धावू नये म्हणून ती दिलेली असते. अनेक जण ती दिसायला वाईट म्हणून काढून टाकतात. तसे कृपया करू नये.

एक चाक की दोन, हा वाद आपल्या शहरापुरता लवकर मिटण्यासारखा आहे. ‘बॉब याक’सारखे एकचाकी ट्रेलर अरुंद असतात, सायकलीच्या मागोमाग त्याच रेषेत चालतात आणि डोंगरवाटांवर त्यांची कीर्ती आहे, पण ते सायकलीच्या आधारावरच उभे राहतात, त्यामुळे त्यांचा डोलारा चालवणाऱ्याला सावरावा लागतो. शिवाय त्यांची दुपाखी दांडी मागच्या आसाच्या दोन्ही टोकांना अडकते आणि मागच्या चाकाला कवेत घेते. अशी दांडी मोठे चाक गृहीत धरून केलेली असते, आणि भाजीबाजारात सायकल सोडून ट्रेलर एकटा उभा करता येत नाही तो वेगळाच. घरगुती सामानासाठी दोन चाकांचा ट्रेलर बरा, असे माझे स्पष्ट मत आहे; फक्त त्याची रुंदी आपल्या हँडलच्या रुंदीएवढी किंवा कमी असावी, म्हणजे जिथून हँडल गेले तिथून ट्रेलरही जाईल.

चाकांच्या मापाविषयी थोडे. ट्रेलर कितीही भारी असला तरी त्याची ट्यूब आपल्या गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडे मिळणार नसेल तर तो घेऊ नये. लहान मुलांच्या सायकलींची 12, 16 आणि 20 इंची मापे सर्वत्र मिळतात. ट्रेलरलाही सायकलीएवढीच 20 इंची चाके असतील तर एकच जादा ट्यूब दोघांना पुरते. पण येथे एक खोच आहे : ‘16 इंची’ म्हणून विकली जाणारी सगळी चाके एकसारखी नसतात. ब्रॉम्प्टनच्या रिमचे माप 349 मिलिमीटर, तर मुलांच्या सायकलीच्या 16 इंची रिमचे 305. दोन्हींवर ‘16’ लिहिलेले असले तरी एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. टायरच्या बाजूवर छापलेला हा तीन आकडी क्रमांक वाचूनच खरेदी करावी.

आता वजनाकडे. ग्रामीण विदर्भात ज्यांनी बैलबंडी हाकली आहे त्यांना ती उलाळ होणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मागे ओझे जास्त झाले की जू वर उचलते. ट्रेलरचेही तसेच आहे. जड सामान आसाच्या किंचित पुढे आणि शक्य तितके तळाशी ठेवावे, म्हणजे दांडीवर थोडासा भार राहतो. तो मागे गेला तर दांडी सायकलीचे मागचे चाक वर ओढते आणि नेमक्या उतारावर ब्रेक लावताना त्या चाकाची पकड सुटते. ब्रेकचा हिशेबही करून पाहावा. 75 किलोंचा माणूस आणि 12 किलोंची सायकल मिळून 87 किलो होतात. त्यात 5 किलोंचा ट्रेलर आणि 20 किलोंचे सामान आले की त्याच वेगाला ब्रेकना सुमारे 29 टक्के अधिक ऊर्जा जिरवावी लागते, आणि या ट्रेलरांना स्वतःचे ब्रेक नसतात. बर्लीच्या सूचनांत सरळ, चांगल्या रस्त्यावर ताशी 24 किलोमीटर आणि वळणावर किंवा खडबडीत रस्त्यावर ताशी 8 किलोमीटर अशी वेगमर्यादा दिलेली आहे. ती कोणत्याही ट्रेलरला लागू करावी. आपले शहर बरेचसे सपाट असल्याने ओढण्याचा त्रास फारसा जाणवत नाही, पण रामझुला पुलाचा चढ किंवा सेमिनरी हिल्सचा रस्ता रोजच्या वाटेवर असेल तर एकाच गिअरच्या सायकलीमागे ट्रेलर लावू नये. आणि मालवाहू ट्रेलरमध्ये गंमत म्हणूनही मुलाला बसवू नये. त्याला ना पट्टा असतो ना वरची चौकट.

रस्त्यांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. शहरात ठिकठिकाणी सिमेंटचे रस्ते झाले, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती सिमेंटची कड आणि बाजूचे गट्टू यांच्यातल्या उंचीच्या फरकाविषयी. तो कुठे बोटभर आहे, कुठे वीतभर. सायकलस्वार नेमका या कडेलगत चालतो. ट्रेलर 60 सेंटिमीटर रुंद असेल तर त्याचे डावे चाक सायकलीच्या रेषेपासून 30 सेंटिमीटर डावीकडे धावत असते, म्हणजे सायकल सुखरूप सिमेंटवर असताना ट्रेलरचे एक चाक खाली उतरलेले असते आणि पुन्हा वर चढताना तो कलंडतो. वळणावर तर आतले चाक आणखी आत कापत जाते. ट्रेलर लावणाऱ्याने कडेपासून हातभर आत चालावे आणि त्यासाठी मागून भोंगे वाजले तरी वाजू द्यावेत. गतिरोधक मात्र नेहमी समोरासमोर ओलांडावा, तिरपा घेऊ नये. ट्रेलर बुटका असल्याने मोटारीतल्या चालकाला तो बॉनेटपुढे दिसत नाही, म्हणून त्यावर माणसाच्या उंचीची काठी, तिला ठळक रंगाचे फडके आणि मागे लाल दिवा हवाच. महापालिकेने निदान बाजारांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडा भरून सारख्या केल्या तर लाभ फक्त सायकलवाल्यांना होणार नाही. घसरून पडणाऱ्या दुचाकीस्वारांनाही होईल.

परदेशी ट्रेलर महाग पडतो, म्हणून येथेच करून घेण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो, आणि तो चांगला आहे. फक्त ग्रिल-गेट करणाऱ्या वेल्डरकडे गेलो तर तो सवयीने लोखंडी चौकोनी पाइप काढतो. 25 मिलिमीटरचा, 1.6 मिलिमीटर जाडीचा असा पाइप मीटरला सुमारे 1.2 किलो भरतो. चार मीटरची चौकट म्हणजे चाके आणि तळ सोडूनच पावणेपाच किलो. त्याच मापाचे अ‍ॅल्युमिनियम दीड किलोच्या थोडे वर जाते. अ‍ॅल्युमिनियमचे वेल्डिंग साध्या वेल्डरला जमत नाही, पण सरकत्या खिडक्या करणाऱ्यांकडे हे सेक्शन आणि कोपऱ्यांचे जोडतुकडे तयार असतात, त्यांतून नट-बोल्टांची चौकट करता येते. दांडी आणि जोडाची पट्टी मात्र पोलादाचीच ठेवावी, तिथे वजन वाचवू नये. चाकांच्या बाबतीत एक सावधगिरी : मुलांच्या सायकलीच्या पुढच्या चाकाचा आस बारीक असतो आणि तो दोन्ही बाजूंनी धरण्यासाठी केलेला असतो. तो एकाच बाजूने चौकटीला ठोकला तर भाराने वाकतो. एकतर चाकाच्या बाहेरूनही आधाराची पट्टी द्यावी, नाहीतर व्हीलचेअरची चाके वापरावीत. ती एकाच बाजूने धरलेल्या जाड आसावर फिरण्यासाठीच बनवलेली असतात. बांबूच्या चौकटीचे ट्रेलरही परदेशात झाले आहेत. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे आणि नागपुरात व्हीएनआयटीसारखी अभियांत्रिकी संस्था आहे. या दोघांनी मिळून घडीच्या सायकलीच्या उंचीला बसेल असा एखादा आराखडा करून लोकांना खुला केला, तर विदर्भातल्या कारागिरांना नवे काम मिळेल.

शेवटी एक विनंती महामेट्रोला. प्रवाशांना सायकल सोबत नेण्याची मुभा नागपूर मेट्रोने दिली, हे तिचे कौतुकास्पद पाऊल आहे. सुभाषनगरहून कॉटन मार्केटच्या भाजीबाजारापर्यंत मेट्रोच्या अ‍ॅक्वा मार्गिकेवर गाडी न बदलता जाता येते, तेव्हा घडीची सायकल आणि घडीचा ट्रेलर घेऊन भाजी आणायला जाणे सहज शक्य आहे. जाताना ट्रेलर रिकामा असतो; परतताना त्यात पंधरा-वीस किलोंची भाजी आणि संत्री असतात. मेट्रो रेल्वेच्या 2002 च्या कायद्यात प्रवाशाने ठरावीक आकार-वजनापर्यंतचेच वैयक्तिक सामान न्यावे, असे बंधन आहे. घडी केलेला ट्रेलर सायकलीचा भाग धरायचा की सामान, आणि भरलेला ट्रेलर किती किलोंपर्यंत चालेल, याचा लेखी खुलासा महामेट्रोने करावा आणि तो मराठीतून स्थानकांच्या प्रवेशद्वाराशी लावावा, म्हणजे प्रवेशद्वारावरच्या सुरक्षारक्षकाला आणि प्रवाशाला रोज नव्याने हुज्जत घालावी लागणार नाही. आपल्या दैनिकाने हा मुद्दा संबंधितांपर्यंत पोहोचवावा, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक,
सुभाषनगर, नागपूर